जादा तासांचा पगार, कोरा चेक आणि राजीनामा

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात साड्यांच्या एका मोठ्या दुकानात साडेतीन वर्षं काउंटरला आहे. आम्ही २४ जण आहोत. वेळ सकाळी १० ते रात्री ९.३०, मध्ये जेवायला अर्धा तास. लग्नसराईत आणि दिवाळीत ११ वाजतात, तेव्हा आठवड्याची सुट्टीही नसते आणि घरी आपलं आपणच जायचं. दिवसभर बसू देत नाहीत. पगार ११,५००, त्यातले ८,००० बँकेत, बाकीचे हातात. जादाचे पैसे मी कधी मागितले नाहीत, ती माझीच चूक. नेमणूकपत्र नाही. कामाला लागताना शेठनी सही केलेला कोरा चेक घेतला. आता सोडते म्हटलं तर म्हणतात, "दोन महिने काम कर, नाहीतर राहिलेला पगार विसर आणि चेक बँकेत टाकतो." काय करू?

उत्तर : ताई, जादाचे पैसे मागितले नाहीत यात तुमची काहीही चूक नाही. ते न मागता देणं हे मालकाचं काम होतं.

आधी हिशेब मांडू, कारण तो कोणी मांडूनच दाखवत नाही. जेवणाची सुट्टी वजा केली तर तुम्ही रोज ११ तास उभ्या असता. सहा दिवसांचे ६६ तास झाले. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर आहे. म्हणजे साध्या आठवड्यातही १८ तास जादा. तुमचा पगार २६ दिवस आणि ८ तासांनी भागला तर तासाला साधारण ५५ रुपये पडतात, दुप्पट ११० रुपये. आठवड्याचे जवळपास दोन हजार, वर्षाचे लाखाच्या घरात. दिवाळीचा महिना मी यात धरलेलाच नाही. शिवाय ११,५०० हा आकडा तुमच्या भागातल्या किमान वेतनापेक्षा कमी असण्याची दाट शक्यता आहे. हे दर जानेवारी आणि जुलैत बदलतात. कामगार कार्यालयात चालू दर विचारून घ्या. कमी निघाला तर फरकही मागायचा आणि जादा तासांचा दरही वाढेल.

शेठ म्हणतील, "आता दहा तासांचा नियम आलाय." सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास करायला आणि २०पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना सूट द्यायला मंजुरी दिली, हे खरं आहे. पण तुम्ही २४ जण आहात, आणि ११ तास हे दहापेक्षाही जास्तच आहेत.

रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं असेल तर तिची संमती लागते, आणि तिला दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. हे याच कायद्यात आहे. अकरा वाजता तुम्ही एकट्या घरी जाता हे वाचून मला फार राग आला. उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी हेही आता केंद्राच्या कामगार संहितेत आहे. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायका यासाठीच लढल्या आणि २०१८मध्ये तिथला कायदा बदलला.

आता चेक. कोऱ्या चेकवर आकडा भरून तो बँकेत टाकला आणि परत आला, तर चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ची नोटीस येऊ शकते. सही तुमची असल्यामुळे कायदा सुरुवातीला तुमचं देणं होतं असंच धरून चालतो. नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून त्यांनी काही करायच्या आधीच कागद तयार हवा. शेठना स्पीड पोस्टने पत्र पाठवा : अमुक नंबरचा चेक नोकरीला लागताना कोरा घेतला होता, माझं तुमच्याकडे काही देणं नाही, तो परत करा. पोच आणि पत्राची प्रत जपून ठेवा. बँकेलाही चेकचा नंबर लेखी कळवा. मात्र नुसतं बँकेत जाऊन पेमेंट थांबवल्याने भागत नाही, पत्र हवंच. नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या, घाबरून पैसे भरू नका.

नेमणूकपत्रच नाही, तर दोन महिन्यांची अट आली कुठून? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. तिच्यानुसार राजीनामा दिल्यावर कामाच्या दोन दिवसांत सगळा पगार द्यावा लागतो. पगार दिला की नाही असा वाद झाला, तर दिला हे मालकाने सिद्ध करायचं. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि अधिकारी थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. संहिता येण्याआधीच्या महिन्यांना जुन्या कायद्यांच्या लहान मुदती लावा असं त्यांचा वकील म्हणेल, म्हणून उशीर करू नका.

पण तास किती केले हे तुम्हालाच मांडावं लागेल. आज रात्री बसा आणि आठवेल तितकं वहीत लिहा. पुढे रोज येण्याजाण्याची वेळ टाका. "उद्या सुट्टी नाही" असे ग्रुपवरचे मेसेज, रात्री घरी केलेले फोन, पासबुकातले ८,०००, सगळं जपा. हातात मिळणारे ३,५०० कशातच दिसत नसतील; पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) भरतच नसतील किंवा आठ हजारांवरच भरत असतील, तर त्याची तक्रार त्या त्या कार्यालयात वेगळी करावी लागते. दुकानातली बिलबुकं किंवा रजिस्टर मात्र घरी आणू नका. असे कामगार सोडून जाताना त्यांच्यावर चोरीचा आळ येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. शेवटच्या दिवशी काउंटरचा माल मोजून द्या आणि मोजल्याच्या कागदावर सही घ्या. देत नसतील तर ती यादी त्याच दिवशी शेठना व्हॉट्सॲपवर पाठवा.

तक्रार जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करा. बरोबरीच्या दोघी-तिघी तयार असतील तर एकच अर्ज सगळ्यांसाठी चालतो, आणि एकटीवर दबाव येत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो.

राजीनाम्यात एवढंच लिहा : अमुक तारखेपासून काम सोडत आहे, राहिलेला पगार आणि जादा तासांचं वेतन द्यावं. पैसे देताना शेठ एखादा छापील कागद पुढे करतील, त्यावर "सर्व हिशेब मिळाला, काही तक्रार नाही" असं असेल. मिळाली तेवढीच रक्कम आणि तारीख आपल्या हाताने लिहून सही करा, त्या ओळीवर करू नका.