प्रोग्राम पेनड्राइव्हवर फिरतो, मग सोर्स कोडचा पत्ता कुठे टाकायचा?

तुम्ही विचारलं की दूध संकलनाचा छोटा प्रोग्राम बनवला, जीपीएल लायसन्स (घ्या, बदला, वाटा, पण वाटताना सोर्स कोडही द्या असं सांगणारं) लावलं, सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण गिटहब या साइटवर ठेवलं, आता वापरणाऱ्याला कोड सापडावा म्हणून अजून काही करायचं राहिलं का. राहिलं ना भाऊ, बरंच राहिलं. गिटहबवर कोड आहे हे तुम्हाला माहीत, डेअरीवर सकाळी फॅट टाकत बसलेल्या पोट्ट्याले काय माहीत?

मी यवतमाळकडे कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो, जिनिंग, कृषी केंद्र, वजनकाटे असं फिरणं असते. इकडे सॉफ्टवेअर वेबसाइटवरून कमीच येते, एकाने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घेतलं, त्याच्याकडून तिसऱ्याने, असं चालते. तुम्ही डाउनलोडच्या पानावर कितीही मोठ्या अक्षरात 'सोर्स कोड इथे मिळेल' लिहा, ते पान जागच्या जागी राहते अन् प्रोग्राम चार तालुके हिंडून येते.

एका काट्यावर असंच झालं. वजनाचा आकडा दाखवून कॉम्प्युटरला पाठवणारा डबा, म्हणजे इंडिकेटर, जळला म्हणून नवा बसवला, तर ५४८० किलोची कापसाची ट्रॉली स्क्रीनवर ८४५०० दिसून राहिली! काही इंडिकेटर आकडे उलटे पाठवतात, ००५४८० चं ०८४५०० होते, म्हणजे प्रोग्राममधी आलेली ओळ उलटी करून वाचायची, बस, एका ओळीचं काम. फोल्डरमध्ये पाहिलं तर जीपीएलची अख्खी फाइल होती, म्हणजे प्रोग्राम फ्री सॉफ्टवेअर, कोणालाही पाहता-बदलता येते असा, कोड मागायचा हक्क आहे, पण मागायचा कोणाले? 'अबाउट' म्हणजे प्रोग्रामची माहिती दाखवणारी खिडकी उघडली तर व्हर्जन नंबर अन् एक मोबाइल नंबर, तोही बंद. बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागलेली अन् काटेवाला डोक्याला हात लावून बसलेला. शेवटी जुनाच इंडिकेटर दुरुस्त करून आणला.

म्हणून पत्ता प्रोग्रामच्या आत टाका. 'अबाउट'मध्ये मराठीत सरळ लिहा की हा प्रोग्राम बदलता येतो, कोड अमुक ठिकाणी आहे. त्याहून चांगलं म्हणजे कोडची झिप त्याच फोल्डरमध्ये ठेवून द्या, तुमच्या प्रोग्रामचा कोड असून असून किती असणार, एका फोटोएवढाही नसेल. नेट नसलं, तुमचं खातं बंद झालं, तरी कोड जागेवर.

कायद्याचं पण ऐका, कारण इथे एक गंमत आहे. सगळा कोड तुमचाच असेल तर जीपीएलची अट तुम्हाला लागत नाही, मालक तुम्ही. लागते ती पुढे वाटणाऱ्याला. २००७ च्या जीपीएल ३ मध्ये सहावं कलम वाचा, सर्व्हरवरून प्रोग्राम दिला तर कोडही तसाच, जास्तीचे पैसे न घेता द्यायचा, कोड दुसऱ्या सर्व्हरवर असला तरी चालते पण प्रोग्रामच्या बाजूलाच तसं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. सीडी-पेनड्राइव्हवर दिला तर कोड सोबत द्या, नाहीतर निदान तीन वर्षं कोड देऊ असं लेखी द्या. आता तुमच्या डेअरीवाल्याने शेजारच्या गावात कॉपी दिली तर तो काय लेखी देणार बावा? झिप सोबत असली की फोल्डर उचलून दिला, काम झालं, त्यालाही घोर नाही.

दुसरं, कोड त्याच व्हर्जनचा पाहिजे. गिटहबवर आजचा कोड अन् डेअरीवर मागच्या वर्षीचा प्रोग्राम, तर शोधणारा भलत्याच ठिकाणी बग शोधत बसते. बाहेर दिलेल्या प्रत्येक व्हर्जनच्या कोडला गिटहबवर टॅग म्हणजे नंबरची खूण लावा, तोच नंबर 'अबाउट'मध्ये दिसू द्या. डेबियन या लिनक्स सिस्टीममध्ये 'एपीटी सोर्स' कमांड दिली की पाहिजे त्या प्रोग्रामचा कोड येऊन पडते, वाटल्यास व्हर्जन नंबर सांगून तेवढाच मागता येते. एफ-ड्रॉइड या फ्री सॉफ्टवेअर ॲपच्या दुकानात ॲपच्या पानावरच सोर्स कोडची लिंक असते. अन् बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम, कसा करायचा त्या स्क्रिप्टही टाका, जीपीएलच्या हिशोबाने त्याही कोडमध्येच मोजतात, नुसत्या फायली पाहून कोणाले बनवता येणार नाही.

कोड मिळून काही होते का म्हणाल, तर लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलवालं लिनक्स निघालं, लोकं मागे लागले, २००३ मध्ये कंपनीला कोड द्यावा लागला, अन् त्याच्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं फ्री सॉफ्टवेअर उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

एक राहिलं. तुम्ही पुढे हेच वेबवर नेणार म्हणता, तेव्हा मात्र प्रोग्राम कोणाच्या हातात जातच नाही, तुमच्या सर्व्हरवर चालते, मग साध्या जीपीएलने कोड द्यायची अट लागत नाही. कोणी तुमचा कोड घेऊन, बदलून स्वतःच्या साइटवर चालवला तर त्यानेही वापरणाऱ्यांना कोड द्यावा असं वाटत असेल तर एजीपीएल हे जीपीएलचंच भावंड लायसन्स लावा, त्याच्या तेराव्या कलमात तीच अट आहे. लिंक वापरणाऱ्या सगळ्यांना ठळक दिसेल अशी ठेवा.