अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे चाहते आक्रमणाच्या डावपेचांवर इतके का चिडले होते?

कारण बचावफळी जीव तोडून खेळायची आणि आक्रमण ती मेहनत वाया घालवायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं, तेही एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण) न करता. एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन गुण) आणि बचावाने मिळवून दिलेल्या दोन सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला चेंडूसह त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात अडवणं, प्रत्येकी दोन गुण), एवढेच गुण!

डाव ठरवायचे ब्रायन फेरेन्ट्झ, म्हणजे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ यांचे चिरंजीव. घराणेशाहीचा आरोप होणारच होता आणि माझ्या मते तो रास्त होता. २०२३ साठी त्यांच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट आली, त्यात बचावाने केलेले गुणही धरले जाणार होते. तरी सरासरी १५.४ वरच अडली. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा खेळाडू, केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर जखमी झाला हे खरं, पण रडगाणं त्याच्या आधीपासूनचं होतं. ऑक्टोबरअखेर, हंगाम चालू असतानाच, ब्रायन पुढच्या वर्षी नसतील असं जाहीर झालं.

आणि याच संघाने त्या हंगामात १० सामने जिंकले. बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटाच्या अंतिम सामन्यात मात्र मिशिगनकडून ०-२६ अशी हार. साधं मध्यम दर्जाचं आक्रमण असतं तर?