दीड महिना पोहतेय, तरी वजन उतरेना

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सोलापुरात सकाळी नऊलाच डांबर तापलेलं. एक ताई माझ्याकडं सल्ल्याला आल्या, वय 46, घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाल्या, "मॅडम, एक मार्चपासून तलावावर जातेय. 74 किलो होते, आता 75 भरले. घरात हसतात सगळे. सोडून देऊ का?"

चाळिशीनंतर वजनासाठी पुन्हा पाण्यात उतरलेल्या बऱ्याच जणांकडून मी हे ऐकते. काट्याचा विषय बाजूला ठेवून मी विचारलं, पोहायला कुठं शिकलात?

"मोहोळकडं, आमच्या शेतातल्या विहिरीत. दादांनी पाठीला भोपळा बांधून सोडलं होतं." चेहरा एकदम उजळला. नववीपर्यंत त्या काठावरून मुटके मारायच्या, तळाची माती मुठीत घेऊन वर यायच्या. मग आवाज उतरला. "आता अर्धा तलाव गेला की धाप लागते. दांडी धरून उभी राहते, तर शेजारून शाळेतल्या पोरी सरासर जातात. पाणी मला ओळखतच नाही असं वाटतं."

त्यांना खरं टोचत होतं ते हे. वजनाचं बोलणं सोपं असतं, म्हणून ते आधी येतं.

विहिरीत आपण उडी मारतो, दोन फेऱ्या काढतो, पायरी धरून गप्पा मारतो. मान सतत पाण्याबाहेर असते. 25 मीटर सलग जायचं तर तीच मान आड येते. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, पाणी जास्त अडवतं आणि दम लवकर जातो. शिवाय बाई श्वास कोंडून पोहत होत्या. मी त्यांना तलावावरच्या प्रशिक्षकांकडून एवढंच शिकून घ्यायला सांगितलं : तोंड पाण्यात घालून हळूहळू बुडबुडे सोडायचे, मग मान वळवून श्वास घ्यायचा. वय आणि अंगकाठी यांचा दोष फार थोडा होता. विहिरीतली सवय होती ती, आणि सवय बदलता येते.

दुसरं काम दिलं मोजायचं. पाऊण तासात प्रत्यक्ष हातपाय किती वेळ चालतात? पुढच्या बुधवारी त्या वही घेऊनच आल्या. 14 मिनिटं! बाकी सगळा वेळ दांडी आणि गप्पा. साधारण 70 किलोच्या माणसानं मध्यम गतीनं सलग अर्धा तास पोहलं तर दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. 14 मिनिटांत त्याच्या निम्म्याहून कमी. आणि पोहून आल्यावर भूक खवळते, विशेषतः पाणी गार असेल तर. ताई घरी येऊन कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार घेत होत्या. मोठ्या चमचाभर तेलातच शंभरावर कॅलरी असतात. चटणी सोडा असं सोलापूरकराला मी सांगणार नाही, मलाही ते जमणार नाही. पण तेलाची धार थांबवली आणि भाकरीआधी वाटीभर मटकीची उसळ आली. आहाराचं पुढचं सगळं मी आहारतज्ज्ञांवर सोपवलं. रक्तदाबाची गोळी चालू होती म्हणून डॉक्टरांनाही विचारून घ्यायला लावलं. थायरॉईडची तपासणी त्यांनीच सुचवली.

वजनकाटा आठ आठवडे माळ्यावर ठेवायला सांगितला, तेव्हा त्या थोड्या रागावल्या. "मग कळणार कसं?" त्यांच्या गळ्यात शिलाईची टेप होती, कामावरून तशाच आल्या होत्या. मी तिच्याकडं बोट दाखवलं. दुसऱ्यांची मापं दिवसभर घेणाऱ्या बाईनं स्वतःच्या कमरेला टेप लावली नव्हती कधी. लावली तेव्हा 38 इंच भरली. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत राहावं असं सांगतात. तो आकडा मी सांगितला, पण त्याच्यामागं लावलं नाही.

पोशाखाची लाज होतीच. त्यावर फार बोलावं लागलं नाही. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो, महिलांची वेगळी वेळ असते. त्यांनी दोन्ही निवडलं. घरच्यांच्या हसण्यावर मात्र तीन बैठका गेल्या. शेवटी त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "वजनाचं विचारू नका, आज किती फेऱ्या झाल्या ते विचारा." आणि ते विचारू लागले, हे मला फार आवडलं.

जूनच्या मध्यावर आल्या तेव्हा काटा माळ्यावरून उतरला होता. 73 किलो, कंबर साडेछत्तीस. पण हे त्यांनी अर्ध्या तासानं सांगितलं. आल्या आल्या पहिलं वाक्य होतं, "दांडी न धरता सहा फेऱ्या, मॅडम!" मग पर्स उघडून विचारलं, पुढची वेळ बुधवारऐवजी शुक्रवारी चालेल का, बुधवारी जाऊबाईंना पहिल्यांदा तलावावर न्यायचं आहे.