वाचक विचारतात : घोड्याचं काळीज किती किलोचं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. सेक्रेटेरिअट नावाच्या अमेरिकन घोड्याचं हृदय दहा किलोचं होतं, म्हणूनच तो १९७३मध्ये ३१ लेंग्थने रेस जिंकला, असं त्यात म्हटलंय. आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत. खरं काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : ३१ लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) खरं आहे, दहा किलो हा अंदाज आहे आणि एकामुळे दुसरं झालं असं म्हणायला कुणाकडेच पुरावा नाही. तेव्हा चहाचे पैसे दोन्ही तटांनी निम्मे निम्मे भरावेत.

सेक्रेटेरिअट गेला ४ ऑक्टोबर १९८९ला, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावाजवळच्या क्लेबोर्न फार्मवर. वय १९. शवविच्छेदन डॉ. थॉमस स्वेर्चेक यांनी केलं. असंख्य घोड्यांची हृदयं पाहिलेला माणूस, पण हे पाहून तेही थक्क झाले. मात्र त्यांनी त्याचं वजन केलंच नाही! त्यांच्या जागी मी असतो तर आधी काटा मागवला असता. पुढे १९९३मध्ये शॅम नावाचा घोडा मेला. हा सेक्रेटेरिअटचा समवयस्क आणि त्या १९७३च्या मोसमातला कट्टर प्रतिस्पर्धी. त्याचं हृदय मात्र स्वेर्चेक यांनी वजन करून पाहिलं. ते भरलं १८ पौंड, म्हणजे आठ किलोच्या वर. सेक्रेटेरिअटचं याहून मोठं होतं हे त्यांना आठवत होतं, म्हणून ते २२ पौंड तरी असावं, असा त्यांनी हिशेब मांडला. तुमच्या व्हिडिओतले दहा किलो ते हेच. सर्वसाधारण थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, हृदय चार किलोच्या आसपास असतं. ते मोठं हृदय रोगाने फुगलेलं नव्हतं, निरोगी होतं, असंही स्वेर्चेक यांनी सांगितलं. मला वजनापेक्षा ही गोष्ट मोलाची वाटते.

आता शॅमचंच बघा. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या अमेरिकेतल्या तीन मोठ्या रेस. केंटकी डर्बीत तो दुसरा, अडीच लेंग्थ मागे. प्रीकनेसमध्ये पुन्हा दुसरा, पुन्हा अडीच लेंग्थ. आणि बेलमाँटला पाच घोड्यांत पाचवा. आठ किलोचं हृदय घेऊन शेवटचा! त्यानंतर तो कधी रेस धावलाच नाही. नुसत्या हृदयाच्या वजनावर निकाल लागत असते तर बुकींनी स्टॉपवॉचऐवजी तराजू बाळगले असते.

मोठ्या हृदयाचा उपयोग होतो, यात शंका नाही. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात, भरधाव धावताना ते २२०च्या पुढे जातात. शिवाय घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. घोडा धावायला लागला की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात येतो. ते दाट झालेलं रक्त ढकलायचं काम हृदयाचं. श्वासाचंही बंधन आहे : भरधाव घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, मनात येईल तेव्हा धापा टाकायची सोय त्याला नाही. पुण्यात रेसचे घोडे तपासायचो तेव्हा नव्या सहायकाला मी मुद्दाम डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावायला सांगायचो. लब-डब, लब-डब, लब-डब आणि मग काहीच नाही. पोराचा चेहरा पांढराफटक! मोतद्दार शेजारी उभा राहून गालात हसत असे, त्याला ठाऊक असायचं. तयारीतल्या घोड्याचं हृदय निवांत असताना अधूनमधून एखादा ठोका सोडतं. त्याला चार पावलं दुडकी चालवा, ठोके सरळ होतात.

म्हणून सेक्रेटेरिअट समजून घ्यायचा तर काटा बाजूला ठेवा आणि डर्बीचं घड्याळ पाहा. सव्वा मैलाची रेस, म्हणजे पाच पाव-मैल. पहिला २५ १/५ सेकंदांत, दुसरा २४, तिसरा २३ ४/५, चौथा २३ २/५ आणि पाचवा २३. प्रत्येक पाव-मैल आधीच्यापेक्षा जलद! घोडे शेवटी मंदावतात, आपल्याला जो ‘जोरात येतोय’ असं वाटतं तो बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. हा पठ्ठ्या खरोखरच वेग वाढवत गेला. एकूण वेळ १ मिनिट ५९ २/५ सेकंद, आणि डर्बीचा तो विक्रम आजही उभा आहे. ९ जूनच्या बेलमाँटला, म्हणजे ३१ लेंग्थच्या त्या रेसला, दीड मैल त्याने २ मिनिटं २४ सेकंदांत कापला. तोही विक्रम कुणाला मोडता आलेला नाही. जॉकी रॉन टरकॉटने शेवटी मान वळवून पाहिलं, ते मागच्या घोड्यांसाठी नव्हे, घड्याळासाठी. भाव इतका पडलेला की दोन डॉलरच्या तिकिटावर २ डॉलर २० सेंट मिळत होते. तरी ५,६१७ जिंकलेली तिकिटं कुणी वटवलीच नाहीत. लोकांनी ती आठवण म्हणून ठेवून दिली.

व्हिडिओत बहुधा सांगितलं नसेल ते सांगतो. हा घोडा हृदयाने नाही, खुराने गेला. त्याला लॅमिनायटिस झाला होता. खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचाला पातळ पडद्यांच्या शेकडो घड्यांनी धरलेलं असतं. त्या सुजल्या की पकड सुटते आणि घोड्याच्याच वजनाने हाड खाली फिरतं. वेदना इतकी की पाय टेकवत नाही, आणि घोड्याला माणसासारखं महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवता येत नाही. सेक्रेटेरिअटला शेवटी इंजेक्शन देऊन सोडवावं लागलं. २००६चा डर्बी विजेता बारबारो याचा मागचा उजवा पाय प्रीकनेसमध्ये मोडला. डॉक्टरांनी तो पाय जोडला, पण भार दुसऱ्या पायांवर पडून लॅमिनायटिसने गाठलंच. जानेवारी २००७मध्ये तोही गेला. हृदयाच्या गप्पा मारणाऱ्यांनी नालबंदाशीही दोन शब्द बोलावेत, असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : आमचे आजोबा ‘मॅन ओ’ वॉर’चं नाव घेत. तो मोठा की सेक्रेटेरिअट? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : योगायोग असा की दोघेही बरोबर २१ रेस धावले. मॅन ओ’ वॉर २० जिंकला, सेक्रेटेरिअट १६. माझं मत आजोबांच्या बाजूने.

१९१७चा जन्म. सॅम्युअल रिडल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या लिलावात ५,००० डॉलरला घेतला. एकुलती एक हार साराटोगालाच, ऑगस्ट १९१९मध्ये. तेव्हा यांत्रिक गेट नव्हते, दोरी वर जायची आणि घोडे सुटायचे. दोरी उठली तेव्हा हा नीट उभाही नव्हता. पाठीवर १३० पौंड, पुढच्या ‘अपसेट’ नावाच्या घोड्यावर ११५, तरी अर्ध्या लेंग्थनेच हरला. पुढच्या वर्षी एका हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायची रेस) त्याच्यावर १३८ पौंड चढवले, तरी जिंकला. केंटकी डर्बी मात्र त्याच्या नावावर नाही, कारण मे महिन्यात तीन वर्षांच्या घोड्याला सव्वा मैल पळवणं रिडल यांना घाईचं वाटे. मला त्यात गैर काही दिसत नाही.

सेक्रेटेरिअट चांगल्या दिवशी कुणालाही हरवेल, पण त्याचे वाईट दिवसही होते. डर्बीच्या आधी वुड मेमोरिअलला तिसरा आला, तोंडात गळू होतं, लगाम ओढला की दुखायचं. बेलमाँटनंतर त्याच साराटोगाला ‘ओनियन’ने हरवलं, मग ‘प्रूव्ह आउट’ने. दोन्ही घोडे एकाच ट्रेनरचे, ॲलन जर्केन्स यांचे. त्या गृहस्थांचं कौतुक आपल्याकडे फारसं होत नाही, ते व्हायला हवं.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे, बायोलॉजी आवडतं. सेक्रेटेरिअट एवढा मोठा, मग त्याची मुलं का नाही गाजली? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलगे फारसे गाजले नाहीत, मुलींनी मात्र कमाल केली. वीकेंड सरप्राइज ही त्याची मुलगी. तिचा मुलगा ए. पी. इंडी १९९२चं बेलमाँट जिंकला आणि पुढे फार मोठा सायर, म्हणजे पैदाशीचा नर, झाला. टर्लिंग्वा ही दुसरी. तिचा मुलगा स्टॉर्म कॅट, ज्याची पैदाशीची फी भरभराटीच्या काळात एका घोडीमागे ५ लाख डॉलर होती.

काही अभ्यासकांचं म्हणणं असं की मोठ्या हृदयाचा गुण एक्स क्रोमोसोमवर असावा. नराला एक्स आईकडून मिळतो आणि तो फक्त मुलींनाच देऊ शकतो, मुलांना वाय जातो. हिशेब जुळतो, पण तो जनुक कुणी दाखवून दिलेला नाही. परीक्षेत लिहू नकोस, सरांशी वाद मात्र जरूर घाल.

प्रश्न : या अमेरिकन घोड्यांचा आपल्या रेसशी काही संबंध आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रक्ताचा आहे. सेक्रेटेरिअटने मोडला तो डर्बीचा आधीचा विक्रम, दोन मिनिटांचा, नॉर्दर्न डान्सरने १९६४मध्ये केलेला. जन्माने तो कॅनडाचा. त्याचा मुलगा रझीन भारतात उषा स्टड या घोड्यांच्या पैदास केंद्रात आला आणि त्याच्या संततीने आपल्या रेसकोर्सवर वर्षानुवर्षं रेस जिंकल्या. महालक्ष्मीला गेलात तर रेसबुकात घोड्याच्या नावाजवळ आई-बापाची नावं छापलेली असतात, ती वाचायची सवय लावा. वेळांची तुलना मात्र करू नका. बेलमाँटचा तो ट्रॅक मातीचा आणि डावीकडे वळणारा, आपला गवताचा आणि उजवीकडे वळणारा.