हिटलरला जर्मनांनी बहुमताने निवडून दिलं होतं का?

तुम्ही लिहिलंय की १९२३च्या महागाईने पिचलेल्या जर्मनांनी हिटलरला बहुमताने निवडून दिलं, म्हणजे दोष त्या मतदारांचाच, आणि एकदा तो आल्यावर महायुद्ध अटळच होतं. मीही शाळेत हेच शिकलो होतो. पुढे वीसेक वर्षं याच काळाबद्दल मिळेल ते वाचत आलो, आणि आता यातलं जवळजवळ काहीच मला पटत नाही.

महागाईचं आधी उरकतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरं आहे. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये उठाव केला. तो दोन दिवसांत मोडला आणि हिटलर तुरुंगात गेला. मग नवं चलन आलं, गाडी रुळावर आली. मे १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं पडली २.६ टक्के, जागा १२. महागाईची चीड मतपेटीत उतरायचीच असती, तर तेव्हा उतरली असती. पुढच्या दोन वर्षांत जे आलं ते उलट्या जातीचं संकट होतं. भाव पडत होते, कारखान्यांना टाळी लागत होती, आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये नोंदणी झालेल्या बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला. चॅन्सेलर (म्हणजे सरकारचा प्रमुख) ब्र्युनिंगने अशा वेळी पगार कापले, भत्ते कापले. संसदेत बहुमत नव्हतं, म्हणून राज्यघटनेच्या ४८व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गच्या सहीने वटहुकूम काढून कारभार चालवला. लोकशाहीला बाजूला ठेवून राज्य चालवायची सवय हिटलर यायच्या आधीच लागली होती.

आता मतांकडे येऊ. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के आणि २३० जागा. मोकळ्या निवडणुकीतली ही त्याची कमाल. त्याआधी एप्रिलमध्ये तो राष्ट्राध्यक्षपदासाठी हिंडेनबर्गविरुद्ध लढून हरला होता. नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा पक्ष ३३.१ टक्क्यांवर घसरला, ३४ जागा गेल्या. पक्षाची तिजोरी रिकामी होती, आणि डिसेंबरात संघटनेचा मोठा नेता ग्रेगोर श्ट्रासर पदं सोडून बाहेर पडला. तीनपैकी एका जर्मनाने त्याला मत दिलं ही भयंकर गोष्ट आहेच, त्या मतदारांना मी मोकळं सोडत नाही. पण लाट ओसरत असताना तो सत्तेवर आला, आणि तिथे मतदारांनी नेऊन बसवलं नाही.

ते काम केलं माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेनने. जनरल श्लायखरने आपली चॅन्सेलरची खुर्ची घेतली याचा त्याला राग होता. ४ जानेवारी १९३३ला कोलोनमध्ये श्र्योडर नावाच्या बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर भेटले, आणि महिनाभर पडद्याआड बोलणी चालली. हिंडेनबर्गने ऑगस्ट १९३२ मध्ये हिटलरला तोंडावर नकार दिला होता. तो म्हातारा अखेर पापेनच्या भरवशावर वळला. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तिघे होते, बाकी सगळे जुने प्रतिष्ठित लोक. आपण याला कोंडून ठेवू, अशी पापेनची खात्री होती. पण त्या तिघांतल्या ग्योरिंगच्या हाती प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचं गृहखातं गेलं.

हे खातं इतकं महत्त्वाचं का, ते सांगायलाच हवं, कारण बहुतेक ठिकाणी हा भाग वगळला जातो. जर्मनीची जवळपास तीन पंचमांश लोकसंख्या प्रशियात होती. तिथे वर्षानुवर्षं समाजवादी लोकशाही पक्षाच्या ओटो ब्राउनचं सरकार होतं, पोलीस त्याच्या हाती होते. २० जुलै १९३२ला चॅन्सेलर असलेल्या पापेनने वटहुकमाने ते सरकार बरखास्त केलं. ब्राउनचा पक्ष कोर्टात गेला, रस्त्यावर आला नाही. लोकशाही जर्मनी कोणत्या दिवशी हरली असं मला विचाराल, तर मी हाच दिवस सांगेन. सहा महिन्यांनी ग्योरिंगला ते पोलीसदल आयतं मिळालं, आणि त्याने त्यात सुमारे ५० हजार ‘सहायक पोलीस’ भरले, बहुतेक आपल्याच निमलष्करी टोळ्यांतले.

२७ फेब्रुवारीला संसद भवन जळलं, दुसऱ्या दिवशी वटहुकमाने नागरी हक्क गेले. अशा दहशतीत ५ मार्चला मतदान झालं, तरीही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले! २३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये सर्वाधिकार कायदा, म्हणजे संसदेला न विचारता कायदे करायची सरकारला मुभा देणारा कायदा, मांडला गेला तेव्हा ८१ कम्युनिस्ट खासदारांना आत येऊच दिलं नव्हतं, दालनात गणवेशातले नाझी उभे होते. कायदा ४४४ विरुद्ध ९४ने मंजूर झाला. विरोधातली सगळी मतं एकाच पक्षाची, समाजवादी लोकशाहीवाद्यांची. त्यांच्या वतीने ओटो वेल्स बोलला: ‘आमचं स्वातंत्र्य आणि आयुष्य तुम्ही घेऊ शकाल, आमची इज्जत नाही.’ हे वाक्य मी कितीदा वाचलंय, दर वेळी घसा दाटून येतो. कॅथलिक सेंटर पक्षाने मात्र तोंडी आश्वासनांवर विसंबून बाजूने मत दिलं. जुलैत त्यालाही स्वतःला विसर्जित करावं लागलं.

‘युद्ध अटळ होतं’ हेही मला पटत नाही, कारण त्याला वाटेत रोखता आलं असतं. मार्च १९३६ मध्ये, तहाने सैन्य ठेवायला बंदी असलेल्या ऱ्हाईनलँडमध्ये जर्मन सैन्य घुसलं तेव्हा ऱ्हाईनच्या पश्चिमेला खोलवर गेल्या फक्त तीन बटालियन. फ्रान्स हलला नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सने हिटलरला चेकोस्लोव्हाकियाची तटबंदी असलेला सुडेटेन प्रदेश देऊन टाकला, तोही चेकांना बैठकीत न बसवता. मार्च १९३९ मध्ये उरलेला भाग गेला आणि चेक रणगाडे, कारखान्यांसकट, जर्मनांच्या हाती पडले. मे १९४० मध्ये जर्मन सेनापती रोमेलची सातवी पान्झर (म्हणजे रणगाड्यांची) डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली, तेव्हा तिचे निम्म्याच्या जवळपास रणगाडे चेक बनावटीचे होते.

एक गोष्ट डाव्यांबद्दल राहिली. नोव्हेंबर १९३२ मध्ये समाजवादी लोकशाहीवादी आणि कम्युनिस्ट यांच्या मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. पण मॉस्कोच्या आदेशाने कम्युनिस्ट नेता एर्न्स्ट टेलमान समाजवाद्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत राहिला, आणि समाजवाद्यांचाही कम्युनिस्टांवर काडीचा विश्वास नव्हता. मार्च १९३३ मध्ये टेलमान पकडला गेला. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केला, पुढे जून १९४१ पर्यंत सोव्हिएत धान्य आणि तेल जर्मनीला जात होतं, टेलमान तुरुंगातच होता. १८ ऑगस्ट १९४४ला बुखेनवाल्ड छळछावणीत त्याला गोळी घातली. त्याच छावणीत समाजवाद्यांचा संसदेतला नेता रुडॉल्फ ब्राइटशाइडही कैदेत होता. सहा दिवसांनी तिथे बॉम्बहल्ला झाला, त्यात तो गेला. नाझींनी मग जाहीर केलं की दोघेही त्याच हल्ल्यात मेले.