चहा मात्र बरोबर ऐकू येतो!

"मुद्दाम करतात हो हे. चहा म्हटलं की बरोबर ऐकू येतं. कामाचं काही सांगितलं की लगेच 'काय?'"

ठाण्यात समुपदेशन करताना साठीच्या आसपासच्या जोडप्यांकडून ही तक्रार सतत येते. इथे नौपाड्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एका लग्नात पाहुण्यांच्या प्रश्नांना काकांनी भलतीच उत्तरं दिली. काकूंना ओशाळल्यासारखं झालं आणि घरी अबोला सुरू झाला. कानांची तपासणी आधीच झाली होती, निकाल 'वयाच्या मानाने ठीक'. काकूंच्या लेखी तो पुरावाच होता. "कान ठीक आहेत, म्हणजे लक्षच नाही ना?"

ही तपासणी शांत, बंद खोलीत होते. हेडफोनमधून 250 ते 8000 हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप; आकडा मोठा तितका सूर वरचा) सूर ऐकवून, किती हळू सूर कळतो ते पाहतात. गोखले रोडवरच्या हॉर्नच्या गदारोळात शेजारच्याचं वाक्य कळतं का, हे त्यात येत नाही. काकांच्या आलेखात 2000 हर्ट्झच्या पुढे रेघ उतरत गेली होती, म्हणजे वरचे सूर त्यांना कमी ऐकू येत होते. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. स, श, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि क्षीण, आणि शब्दांतला फरक बराचसा त्यांच्यावरच ठरतो. त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाही. गोंगाटात तर ही व्यंजनं आधी बुडतात.

दुसऱ्या भेटीत खिडकी उघडली, पंखा पाचवर ठेवला. काकूंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून दहा शब्द वाचले: सात, हात, पात, काठ, पाठ, साठ असे. काकांना 4 कळले. मग वर्तमानपत्र बाजूला ठेवून, क्रम बदलून, तेवढ्याच आवाजात पुन्हा. या वेळी 8. 'प' म्हणताना ओठ मिटतात, 'स'ला दात जवळ येतात. मेंदू डोळ्यांनी हे टिपतो आणि कानाने सोडलेली जागा भरून काढतो.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण चहा कसा ऐकू येतो?"

"चहाचं किती वाजता विचारता?"

"साडेचारला. रोज."

साडेचारला मेंदू त्या शब्दाची वाटच पाहत असतो, नुसतं '...हा' कानावर पडलं तरी पुरतं. गॅसचं बुकिंग, डॉक्टरांची वेळ हे असं अपेक्षित नसतं. तिथे प्रत्येक अक्षर कानालाच पकडावं लागतं.

तेव्हा काका बोलले, बहुधा महिन्याभरात पहिल्यांदा एवढं सलग. "मी ऐकत नाही असं नाही गं. शब्द जुळवत बसतो. जुळेपर्यंत तू पुढे गेलेली असतेस. संध्याकाळपर्यंत डोकं शिणतं, मग गप्प बसणंच बरं वाटतं."

माझ्या मते या जोडप्याचं निम्मं काम या चार वाक्यांत झालं. बेपर्वाई समजून ज्याला बोल लावला, तो माणूस घरात सगळ्यात जास्त कष्टाने ऐकत होता. अबोल्याच्या तक्रारीत स्वभावाकडे वळण्याआधी शरीराकडे पाहावं, हा माझा आग्रह याच अनुभवातून पक्का झाला.

लक्षाचा भागही खराच आहे. 1953 मध्ये कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले. लोकांनी एक मजकूर बिनचूक म्हणून दाखवला, पण दुसऱ्यात काय होतं ते जवळजवळ सांगता आलं नाही. मेंदू एकच धागा धरतो. म्हणून आधी "अहो" म्हणा, क्षणभर थांबा, त्यांनी मान वळवली की मग बोला. स्वयंपाकघरातून ओरडू नका. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तशीच दुबळी राहतात, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. त्यापेक्षा जवळ जा: मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) वाढतो. एक्झॉस्ट, मिक्सर, टीव्ही आधी बंद करा. वाक्य कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला.

हॉटेलात भिंतीला पाठ करून, मुदपाकखान्यापासून दूर बसवा, आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू द्या. आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांमधल्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकावरून ओळखतो आणि त्यावरून माणसं वेगळी काढतो. म्हणून दोन्ही कान कमी असतील तर एकच श्रवणयंत्र घेऊन पैसे वाचवू नका. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत ते कपाटात जाऊ देऊ नका. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, गोंगाटात बोलणं कितपत कळतं त्याची चाचणी वेगळी मागून घ्या.

मात्र एका कानाचं ऐकणं अचानक, दिवसा-दोन दिवसांत गेलं असेल, तर समुपदेशकाची वेळ घेऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. उपचाराला तिथे उशीर चालत नाही.