पाहुण्यांच्या खोलीचा वास: वाचकांचे प्रश्न

सुट्या जवळ आल्या की पत्रांचा सूर एकच असतो: खोलीत कोणता सुगंध मारू? अजिंठा पाहायला आलेले जळगावात उतरतात, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आलेले शहाद्यात खोल्या शोधतात, पावसाळ्यात तोरणमाळला गर्दी होते. वरचा मजला दिवसाच्या भाड्यानं देणारे त्यामुळे वाढलेत, आणि त्यांच्या मागोमाग सुगंधाच्या बाटल्या विकणारेही. आलेल्यांतले काही प्रश्न घेते.

मोगरा, लव्हेंडर की लिंबू? कोणत्या वासानं पाहुण्यांना खोली स्वच्छ वाटते? (जळगाव)

लिंबू, आणि त्याला थोडा आधारही आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत लिंबूवर्गीय वासाचं सफाईचं द्रावण लपवून ठेवलं होतं. तिथे बसलेल्या विद्यार्थ्यांना साफसफाईचे शब्द लवकर ओळखू आले, आणि भुगा पडणारं बिस्कीट खाताना त्यांनी टेबल जास्त वेळा आवरलं. वासामुळे आपण असं वागलो याची त्यांना कल्पनाही नव्हती. पण प्रयोग वागण्याचा होता, खोलीचा नाही. चादर न बदलता लिंबाचा फवारा मारला तर चालतं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

शिवाय स्वच्छतेचा वास हा सवयीचा भाग आहे. फिनेलचा वास आला की आपल्याकडच्या जुन्या माणसाला ‘आत्ताच पुसलंय’ असं वाटतं. त्याच वासानं पुण्याहून आलेल्या जोडप्याला एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह आठवतं. फरशी पुसायच्या पाण्यात हलका लिंबाचा वास असू द्या, तोही पाहुणा येईपर्यंत विरलेला. दम्याचं किंवा अर्धशिशीचं कोणी येणार असेल तर तेही नको. बुकिंग घेतानाच विचारून ठेवा.

पाहुणे ‘खोलीत कुबट वास’ असं लिहून जातात. आम्हाला तर काहीच येत नाही. मुद्दाम बदनामी करतात का? (भुसावळ)

नाही. तुमचं नाक त्या वासाला सरावलंय. सततच्या वासाची दखल नाक काही मिनिटांतच कमी करतं. तुम्ही तर त्या घरात वर्षानुवर्षं राहताय. दोन तास बाहेर जाऊन या, दार उघडताच पहिल्या श्वासाला जे येईल ते लिहून ठेवा. कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘साफ’ करायचा सल्ला कोणीतरी दिलाय म्हणता. साध्या मोकळ्या हवेपेक्षा त्यानं वेगळं काही होत नाही. सर्वांत चांगलं म्हणजे तोंडावर खरं बोलणाऱ्या शेजारीणबाईंना आत बोलवा.

चादरी-टॉवेलना सुगंधी कंडिशनर किती घालावा? (अमळनेर)

घालू नका. टॉवेल पाणी टिपेनासा होतो. ओला टॉवेल कडक उन्हात वाळवा. त्या वेळी कापडावर पेंटॅनल, नोनॅनल अशी सुवासाची संयुगं तयार होतात, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. खान्देशाला ऊन विकत घ्यावं लागत नाही.

एप्रिल-मे मध्ये खोली दोन-तीन आठवडे बंद राहते. उघडली की गटारासारखा वास. रूम फ्रेशनर, डांबर गोळ्या, ॲसिड, सगळं करून झालं. (धुळे)

सगळं केलंत, पाणी ओतलंत का?

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहावं अशी त्याची रचना असते. गटारातली हवा आणि घरातली हवा यांच्यामध्ये तेवढंच पाणी आडवं असतं. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात ते बंद खोलीत काही आठवड्यांत उडून जातं. मग गटार सरळ तुमच्या खोलीत श्वास सोडतं, आणि त्याच वाटेनं झुरळंही वर येतात. पाहुणा एवढं सगळं जाणत नाही. त्याला वास येतो, आणि त्या क्षणी चकचकीत फरशी, नवी चादर, सगळंच त्याच्या मनात घाण ठरतं. त्यावर गुलाबाचा फवारा मारला तर गुलाब आणि गटार दोन्ही येतात. तो मिश्र वास मला नुसत्या गटारापेक्षा वाईट वाटतो, कारण त्यात लपवाछपवी कळते.

म्हणून दर आठवड्याला प्रत्येक भोकात तांब्या-दोन तांबे पाणी ओता. बाथरूम, मोरी, बाल्कनी, आणि वॉश बेसिन विसरू नका, त्याखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपलाही पाणी लागतं. संडास एकदा फ्लश करा. खोली महिनाभर बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा. पाणी सावकाश उडतं. जाळी उचलून आतली वाटी जागेवर आहे का तेही पाहा. केस अडकतात म्हणून सफाईवाले ती काढून ठेवतात आणि ती माळ्यावर पडून राहते. ती नसेल तर बादल्या ओतूनही उपयोग नाही. बेसिनचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप भोकात नुसता खुपसलेला असेल, तर भोवतीची फट रबरानं बंद करून घ्या.

एवढं करूनही वास राहिला तर गच्चीवर जाणारा हवेचा पाइप तुंबलेला असेल किंवा जमिनीखालची जोडणी फुटलेली. तिथे तुमचं-माझं काम संपतं, जाणता प्लंबर बोलवा. आणि पाहुणे दारात येईपर्यंत थांबू नका. पत्रावरून दिसतं की हे मागच्या उन्हाळ्यापासून चाललंय.

ॲसिडबद्दल खडसावून सांगते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. एकाच दिवशी दोन्ही वापरू नका. सेप्टिक टँकचं झाकण उघडून आत कोणालाही उतरवू नका, ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून तर अजिबातच नाही. 2013 च्या कायद्यानं अशा धोकादायक सफाईला बंदी आहे, आणि तिथला वायू वास येईनासा करून मग जीव घेतो. नगरपालिकेकडे उपसा गाडीची चौकशी करा.

कपाटात आणि बेसिनमध्ये डांबर गोळ्या ठेवल्या तर स्वच्छ वाटतं ना? (शहादा)

काढून टाका. नॅप्थॅलीन आहे ते. युरोपीय संघात त्याच्या गोळ्यांवर 2008 पासून बंदी आहे. ज्या बाळांच्या रक्तात जी6पीडी हे विकर कमी असतं, त्यांना अशा गोळ्यांतल्या दुपट्यानंही तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. मुलानं गोळी गिळली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

एजंट ओझोन मशीन विकतोय. ‘99.9 टक्के जंतू मरतात, सगळे वास जातात.’ घेऊ का? (चाळीसगाव)

कोणते जंतू, किती मिनिटांत, केवढ्या खोलीत? हे तिन्ही कागदावर लिहून मागा, एजंट पुढच्या गल्लीत जाईल. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे. माणसानं श्वास घ्यायला सुरक्षित असेल एवढ्या ओझोननं वास जात नाहीत, आणि वास जातील एवढा सोडला तर खोलीत माणूस नको. त्यातून लिंबाच्या सुगंधातल्या लिमोनीनशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू तयार होतो.

कूलर लावला की मासळीसारखा वास येतो. (चोपडा)

गवत कुजलंय. दर हंगामाला बदला, रात्री पंप बंद करून पाव तास नुसता पंखा चालवा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर वासाबरोबर डेंग्यूचे डासही पाहुण्यांना द्याल. आधी प्लग काढा; शॉक बसत असेल तर इलेक्ट्रिशियन.

पाहुणे स्वतः भरीत भाजतात, घरभर वास राहतो. स्वयंपाकघरात सुगंधाचं प्लग-इन यंत्र कायम चालू ठेवलं तर? (रावेर)

स्वयंपाकघरात मुळीच नको. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. तुम्ही तोच इशारा मोगऱ्याखाली दाबणार? हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून वर बसवलेल्या एक्झॉस्टवर विसंबू नका. गळतीचा वास आला तर कोणतंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग 1906 ला फोन लावा. हा क्रमांक शेगडीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. गिझर बाहेर बसवता येईल का, हे पुढचं बुकिंग घेण्याआधी गॅस एजन्सीच्या माणसाला दाखवून घ्या. भरताचं म्हणाल, तर वांगी अंगणात भाजू द्या.